मोडक्या पंखाची आरास

ती आरास डोळ्यांपुढे आली की आजही माझी कानशिलं तापतात. गणपतीसमोर मनात राग धरू नये, असं आई सांगायची. मी धरला, आणि अजून सोडलेला नाही.

दिवाळी अंकाच्या संपादकीणबाईंनी "सेवेतली एखादी केस लिहा" म्हणून गळ घातली. त्यांना खून, दरोडा, निदान बरीशी घरफोडी अपेक्षित असणार. महाराष्ट्र पोलिसांत मी फौजदार म्हणून लागले आणि निरीक्षक म्हणून निवृत्त झाले. घरफोड्या माझ्याकडे पोतंभर आहेत. पण जी केस मला स्वस्थ बसू देत नाही ती निवृत्तीनंतरची आहे. तिथे ना माझी हद्द होती, ना अंगावर गणवेश. सिंगापुरात, क्वीन्सटाउनच्या आमच्या फ्लॅटमध्ये, जेवणाच्या टेबलावर तिची उकल झाली. नावं कुणाचीच लिहिणार नाही. एक तर ती खात्याची सवय आहे, आणि दुसरं म्हणजे यातली काही मंडळी मला अजून एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, भेटतात.

घरात लेक, जावई, नात आणि मी. लेक-जावई दोघंही बँकेत. मागची खोली पुण्याहून आलेल्या एका मुलीला भाड्याने दिलेली. मुलगी गुणाची. मला आजी म्हणायची, माझ्या फोनवरचे नको ते मेसेज पुसून द्यायची. तिची कंपनी सिनेमांच्या डिस्क बाजारात येण्याआधी तपासते. चित्र अडखळतं का, आवाज मागेपुढे होतो का, खालची अक्षरं बरोबर पडतात का, असलं ते काम. मुलगी हिंदी सबटायटल तपासायची. एम्प्लॉयमेंट पासवर होती. म्हणजे नोकरी आहे तोवर मुक्काम. नोकरी गेली की पास जातो, आणि पास गेला की बॅग भरायची.

त्या वर्षी अवकाशातल्या लढायांचा एक भलाथोरला सिनेमा जगभर धो धो चालला होता. नातीने मलाही नेलं. सिंगापुरात मध्यंतर नसतं, ते मी माझ्यापुरतं डोळे मिटून घेतलं. आता तो सिनेमा घरी बघायच्या डिस्कवर येणार होता, आणि डिस्कवर शेवट निराळा असणार होता. थिएटरात कुणीच न पाहिलेला. डिस्क खपणार ती त्या शेवटावर, म्हणून गुप्तता कडक. मुलगी घरात त्यातलं चकार शब्द बोलायची नाही. नातीने चॉकलेटची लाच देऊन पाहिली, तीही परत आली.

खबर मला मिळाली ती कुकरमुळे.

शनिवारी दुपारी मुलगी स्वयंपाकघरात आली आणि माझ्या लेकीला म्हणाली, "ताई, माझा कुकर तुम्ही ठेवाल का? चांगला आहे, शिट्टी नवीन बसवलीय."

लेक म्हणाली, "ठेव ना ओट्याखाली. भरपूर जागा आहे."

लेकीला वाटलं, मुलगी जागा मागतेय. मी खुर्चीत बसून शेंगा सोलत होते, माझा हात थांबला. पुण्याहून विमानाने जपून आणलेला कुकर माणूस सहज देत नाही. फरार व्हायच्या बेतात असलेले लोक मी पाहिलेत. ते आधी जड वस्तू वाटून टाकतात.

"कधी निघालीस?" मी विचारलं.

ती जी रडायला लागली ती थांबेना. नात खोलीतून डोकावली, "आजी, व्हॉट यू डू टू हर?" अशा नजरेने माझ्याकडे बघून परत गेली. माझी ख्याती घरात बरी नाही.

इथे माझ्या तरुणपणाबद्दल दोन शब्द लिहायला हवेत, नाहीतर पुढची चौकशी कळणार नाही. मी नवी फौजदार असताना तालुक्याच्या गावी नेमणूक होती. कंबरेला पट्टा असा आवळायची की श्वास घेताना चामडं करकरायचं. काळा चष्मा ठाण्याच्या आतसुद्धा काढायची नाही, त्यामुळे स्टेशन डायरी हवालदाराला मोठ्याने वाचून दाखवायला सांगायची आणि वर "माझी सवय आहे" म्हणायची. चौकशी म्हणजे टेबलावर काठी आपटणे, एवढंच बाईंना ठाऊक. चोरट्या व्हिडिओ कॅसेटींची खबर आली म्हणून एका दुकानावर छापा घातला. एकही कॅसेट लावून न बघता सगळा माल गोणपाटात भरला, पंचनामा केला, फोटो काढून घेतला. फोटोत मी अशी उभी आहे की जणू वाघ मारलाय. दुसऱ्या दिवशी ठाण्यासमोर ही गर्दी. गोणपाटात निघाली गावातली लग्नं! नवऱ्यामुली, त्यांचे बाप, एक व्याही तर फेटा बांधून आलेला. ठाणे अंमलदार मला म्हणाले, "मॅडम, आहेर परत करायचा का मुद्देमालात धरायचा?" त्या फौजदार पोरीला आज भेटले तर आधी तिचा चष्मा काढून घेईन.

तर आता काठी नव्हती. मी मुलीपुढे शेंगांचं ताट सरकवलं. हाताला काम असलं की जीभ मोकळी होते, हे मला फार उशिरा कळलं.

"सोल. आणि सांग."

हकीकत अशी. तिचे टीम लीड मराठीच. इथे बरीच वर्षं राहिलेले, पीआर म्हणजे कायमच्या वास्तव्याचा परवाना असलेले, नोव्हेनाजवळ त्यांचा कॉन्डोतला महागडा फ्लॅट. ही त्यांना दादा म्हणायची. नोकरीला चिकटवली त्यांनीच, इथली पहिली पुरणपोळी खाल्ली त्यांच्याच घरी. या दादांचा गणपती आमच्या इथल्या छोट्या मराठी मंडळात प्रसिद्ध. घरगुती आरास स्पर्धेत ते दर वर्षी पहिले. आम्हीही दर्शनाला गेलो होतो. त्या वर्षी त्यांनी फोम बोर्डाचं अवकाशयान केलं होतं. पोटात बाग, एक पंख मोडलेला, आणि त्या मोडक्या पंखाच्या सावलीत बाप्पा बसलेला. खोटं कशाला बोलू, सुंदर होतं. मी दोन मोदक जास्त खाऊन तिथेच उभी राहिले.

मुलगी गणपतीच्या आदल्या दिवशी त्यांच्याकडे मदतीला गेली होती. बोर्डाचे कपटे गोळा केले, दिव्यांच्या माळा धरल्या. मग बाप्पा बसल्यावर त्याच्यासमोर फोटो काढला आणि पुण्याला आईला पाठवला. आईने भिशीच्या गटात टाकला. तिथून कुणा भाच्याने तो इंटरनेटवर सगळ्यांसाठी उघड्यावर लावला, "सिंगापूरचा अवकाशातला बाप्पा." लोकांना आवडला. फिरत फिरत तो फोटो थेट सिनेमा काढणाऱ्यांच्या कचेरीत पोचला आणि तिथे हाहाकार झाला. कारण ते मोडक्या पंखाचं यान नव्या शेवटातलं होतं. बाहेरच्या कुणाला ते ठाऊकच असायला नको होतं.

"मग मोठ्या ऑफिसातून विचारणा आली," मुलगी म्हणाली. "दादा म्हणाले, फोटो तूच पाठवलास ना? मी म्हटलं, हो. खरंच मीच पाठवला. ते म्हणाले, सोमवारी सही करून टाक, मी सांभाळून घेतो."

"कशावर सही?"

तिने फोन पुढे केला. जबाब इंग्रजीत होता, जावयाने वाचून दाखवला. आरास मी केली, यानाची कल्पना कामात पाहिलेल्या दृश्यावरून घेतली, लीड साहेबांनी केवळ घरची जागा दिली, झाल्या प्रकाराला मी एकटी जबाबदार आहे.

जावई म्हणाले, "हे सही केलं तर नोकरी त्याच दिवशी जाईल. पासही. पुढे या क्षेत्रात कुणी उभं करणार नाही."

"दादा म्हणाले, फक्त ताकीद देतील."

"ताकीद द्यायची असती तर एवढं बारीक टायपिंग कशाला केलं असतं?" मी म्हटलं. माझा आवाज चढला असावा, कारण आतून नातीची हाक आली, "आजी, यू कान्ट शाउट लाइक दॅट लाह! नेबर्स विल कम्प्लेन!"

"करू देत!"

पण रागाने केस सुटत नाही. शेंगा सोलून झाल्या, मी वाटाणे काढले. सेवेतली शेवटची वर्षं मी एक पद्धत पाळत असे. आरोपीने काय केलं ते शेवटी विचारायचं. आधी विचारायचं, त्याला काय माहीत होतं आणि कधीपासून.

"बाई गं, ते यान सिनेमातलं आहे हे तुला कधी कळलं?"

"दादांनी सांगितलं तेव्हा. विचारणा आल्यावर."

"त्याआधी नाही?"

"नाही."

"तू तर तो सिनेमा रोज तपासतेस."

वाटाण्याची शेंग हातात तशीच. "ते सांगायची परवानगी नाही, आजी."

"सिनेमात काय आहे ते नको सांगूस. तुला काय दाखवतात तेवढं सांग."

मग हळूहळू बोलली. सबटायटलवाल्यांना चित्र दाखवतच नाहीत. अख्खा पडदा काळा असतो. जे पात्र बोलतं त्याच्या तोंडापुरतं गोल भोक ठेवलेलं. ओठ हलले की अक्षरं बरोबर पडतात की नाही तेवढं बघायचं. गुप्तता फुटू नये म्हणून ही व्यवस्था. गेले कित्येक महिने ही मुलगी त्या भल्यामोठ्या सिनेमाचे नुसते ओठ बघत होती. यान नाही, बाग नाही, पंख नाही.

"आणि पूर्ण चित्र कुणाला दिसतं?"

"डिस्क मंजूर करणाऱ्याला." तिने शेंग ताटात ठेवली. "म्हणजे दादांना."

मुलीच्या चेहऱ्यावर तो विचार उतरताना मी पाहिला. तिने स्वतःला गुन्हेगार मानलं होतं, कारण फोटो तिने पाठवला होता आणि ती खोटं बोलणारी नव्हती. पण तिने फोटो पाठवला तोच मुळी काही माहीत नव्हतं म्हणून. ज्याला माहीत होतं त्याने यान बांधलं, वर त्यावर दिवे सोडले. आरास स्पर्धेत दर वर्षी पहिलं यायची चटक लागलेल्या माणसाला इतकं देखणं यान समोर दिसलं आणि हात आवरला नाही. एवढ्यावर मी त्याला माफही केलं असतं. हौस असते माणसाला. पण त्या हौसेची शिक्षा त्याने जिला ताई-दादा करत जेवायला वाढलं तिच्या नावावर टाईप करून ठेवली, तिथे माझं डोकं फिरलं.

"मी सोमवारी सांगते सगळं," मुलगी म्हणाली. मग लगेच, "पण ते म्हणतील, आरास त्यांनी केलीच नाही. कोण सांगणार? सगळे त्यांना मानतात."

बरोबर बोलली. आम्ही सगळ्यांनी त्याला बोट नाचवत "हे मी केलं, ते मी केलं" म्हणताना ऐकलं होतं. पण ऐकलं होतं म्हणून कचेरीत जाऊन कोण सांगतं? सगळे साक्षीदार त्याचे मोदक खाऊन आलेले. मला कबुली हवी होती, त्याच्या तोंडून, पंचांसमक्ष.

आणि रविवारी मंडळाचा बक्षीस समारंभ होता.

मी मंडळाच्या अध्यक्षीणबाईंना फोन लावला. हिशेबतपासनीस म्हणून आयुष्य काढलेली बाई, नियमाला पक्की. मी म्हटलं, "आराशीचं पहिलं बक्षीस कुणाला आहे?"

"कुणाला म्हणजे? दर वर्षी ज्यांना असतं त्यांनाच."

"तुमचा नियम काय? घर ज्याचं त्याला, की आरास ज्याने केली त्याला?"

"अर्थात ज्याने केली त्याला."

"मग घोळ आहे. त्यांनी स्वतः लिहून दिलंय की आरास आमच्या घरच्या मुलीने केली, त्यांची नुसती जागा होती. कागद मुलीच्या फोनवर आहे. पाठवू?"

हुशार बाई. कागद वाचून त्यांनी उलट फोन केला आणि एवढंच म्हणाल्या, "मुलीला साडी नेसवून आणा. स्टेजवर यावं लागेल."

समारंभ बुकित पंजांगच्या एका सभागृहात होता. एलआरटीच्या छोट्या गाडीत मुलगी माझा हात धरून बसली होती. तिला मी फक्त एक काम सांगितलं होतं, नाव पुकारलं की उठायचं आणि काही बोलायचं नाही. साड्या-झब्ब्यांतली मंडळी जमली, लहान पोरं खुर्च्यांखालून पळत होती, कोपऱ्यात कॅमेरा चालू होता. दादा पहिल्या रांगेत, शेजारी बायको. कुर्त्यावर नक्षी, चेहऱ्यावर दर वर्षीचा नम्रपणा.

अध्यक्षीणबाई माइकवर आल्या. "घरगुती आरास, प्रथम क्रमांक. मोडक्या पंखाचं अवकाशयान. संकल्पना आणि निर्मिती..." आणि त्यांनी मुलीचं नाव घेतलं.

दादा अर्धे उठले होते. तसेच राहिले. मुलगी उठली. टाळ्या पडायला लागल्या, मागून कुणी तरी शिट्टी मारली.

"एक मिनिट, एक मिनिट," दादा हसत म्हणाले. "काही तरी चूक झालीय. आरास माझी आहे."

"तुमच्या घरची आहे, हो," अध्यक्षीणबाई म्हणाल्या. "पण केली हिने ना?"

"छे हो! तिला कटर धरता येत नाही. तिने माळा धरल्या फक्त."

"म्हणजे कल्पना हिची?"

"कल्पना माझी, आराखडा माझा, पंख कसा मोडलेला दिसायला हवा ते मी पाच वेळा कापून पाहिलंय!" माणूस खरंच दुखावला होता. आणि त्याच्या बायकोने, बिचारीला काहीच ठाऊक नव्हतं, उभं राहून शिक्का मारला, "अहो, गणपतीच्या कितीतरी आधीपासून आमच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती! सगळं ह्यांनी एकट्याने केलंय!"

"असं होय," अध्यक्षीणबाई म्हणाल्या. "मग चूक दुरुस्त करते. सगळ्यांच्या साक्षीने." आणि बक्षीस त्यांच्या हातात दिलं. टाळ्या पुन्हा. नारळ आणि चांदीची वाटी घेऊन तो फोटोसाठी उभा राहिला, आणि तेव्हा त्याची नजर मुलीकडे गेली. मग माझ्याकडे. मी चष्मा पुसत होते. काळा नाही, वाचायचा.

चहाच्या टेबलाजवळ त्याने मला गाठलं. "आजी, हे तुम्ही बरं नाही केलं."

"मी काय केलं? तुम्ही लिहिलं ते अध्यक्षीणबाईंना वाचायला दिलं."

"तुम्हाला यातलं कळत नाही. माझी नोकरी गेली तर काय होईल माहीत आहे? इथे घर आहे, मुलांच्या शाळा आहेत."

"आणि तिचं काय?"

तो जे बोलला ते मी शब्दशः लिहिते, कारण त्याच वाक्याचा राग मला आहे. "तिचं काय एवढं? तरुण आहे. परत जाईल, पुण्यात दुसरी मिळेल. तिचं इथे असं आहेच काय?"

मी पोलिसांत असताना खुनी पाहिले, ते रडले. चोर पाहिले, ते पाया पडले. हा माणूस चहात बिस्किट बुडवत बोलत होता. त्याला आपण वाईट काही बोललो असं वाटलंच नाही. पासवर आलेलं माणूस म्हणजे घडीची खुर्ची, लागली तर उघडायची, अडचण झाली तर मिटून ठेवायची. आणि हे परक्या कुणी म्हटलं असतं तर आपण मंडळाची सभा बोलावली असती. म्हणणारा आपला होता, पुरणपोळी वाढणारा.

मी म्हटलं, "तिचा इथे कुकर आहे. तो इथेच राहणार."

फार मोठं वाक्य नव्हतं. पण तरुण फौजदारबाई असत्या तर त्यांनी टेबल उलथलं असतं आणि चहा सांडून सगळी सहानुभूती त्याला मिळाली असती.

सोमवारी मुलीने जबाबावर सही केली नाही. स्वतःच्या शब्दांत लिहून दिलं. फोटो मी पाठवला, यान कशातलं हे मला माहीत नव्हतं, मला कामात फक्त ओठ दाखवतात, मला काय दाखवलं ते तपासून पाहा. समारंभाचं चित्रण सोबत जोडलं. तिला मी निघताना सांगितलं होतं, "खुर्चीवरून लेखी घेतल्याशिवाय उठू नकोस. भूक लागली तरी." म्हणून डब्यात दोन पोळ्या जास्त दिल्या.

लेखी मिळालं. तिच्यावर कारवाई नाही, एवढी एक ओळ. माफी कुणी मागितली नाही. ज्यांनी न विचारता, न तपासता तिला गुन्हेगार धरलं ते म्हणाले, चला, आता पुढच्या कामाला लागू. दादांनी काही दिवसांनी "वैयक्तिक कारणाने" नोकरी सोडली आणि त्यांच्या निरोपाला केक कापला. मुलीलाही कार्डावर सही करावी लागली. ते ऐकून मी त्या दिवशी जेवले नाही. आता मंडळात भेटले की ते मला वाकून नमस्कार करतात. मी आशीर्वाद देत नाही. माझं वय झालंय, तेवढा हक्क मला आहे.

या केसने मला काय शिकवलं, असं संपादकीणबाईंना शेवटी हवं आहे. एक व्यवहाराचं सांगते. एखाद्याला त्याचा गुन्हा दुसरंच कुणी समजावून सांगत असेल, तर आधी त्या समजावणाऱ्याला खुर्ची द्या आणि बसवा. आणि जो माणूस प्रामाणिकपणे "हो, मीच केलं" म्हणतो, त्याला नेमकं काय केलं ते पुन्हा विचारा. भल्या माणसांकडून नको तेवढं कबूल करून घेणं फार सोपं असतं.

दिवाळीच्या सुमारास ती डिस्क बाजारात आली. नातीने आणली. चकल्यांचा डबा मध्ये ठेवून आम्ही सगळे बसलो. मी या वेळी जागी राहिले. मुलगी अगदी पुढे, जमिनीवर बसली होती. कुठल्या ओठांनंतर कुठले ओठ येतात हे तिला पाठ होतं, पण माणसं ती पहिल्यांदाच पाहत होती. "अय्या, हा एवढा उंच आहे?" असं मध्येच म्हणायची.

शेवट आला. काळोखातून ते यान सरकत पुढे आलं, पोटात बाग, एक पंख मोडलेला.

"आजी," मुलगी हळूच म्हणाली, "दादांचं जास्त छान होतं ना?"

होतं. पंखाची ती सावली या एवढ्या खर्चाच्या सिनेमालाही जमली नव्हती. माझा राग मला बाजूला ठेवता येईना आणि खोटंही बोलवेना.

"चकली घे," मी म्हटलं, "आणि तुझ्या खालच्या अक्षरांकडे बघ. एकही चुकलेलं नाही."